केसपेपरवरचा अवघड शब्द कसा फोडावा

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात एक दिवस दरवर्षी येतो. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली एखादी मुलगी पुस्तक मिटून बसते. तिचे डोळे भरून आलेले असतात. "मॅडम, हे शब्द पाठच होत नाहीत," एवढंच ती म्हणते. त्या दिवशी मी ठरलेला धडा बाजूला ठेवते आणि फळ्यावर एकच शब्द लिहिते: हिपॅटोस्प्लेनोमेगॅली.

वर्ग गप्प होतो. मग मी खडूने त्याचे तीन तुकडे पाडते. हिपॅटो, स्प्लेनो, मेगॅली. पहिला तुकडा ग्रीक 'हेपार'चा, दुसरा 'स्प्लेन'चा, तिसरा 'मेगास'चा. त्यांच्याखाली तीन संस्कृत शब्द लिहिते: यकृत्, प्लीहन्, महा. वरच्या ओळीतले आणि खालच्या ओळीतले शब्द एकमेकांचे सख्खे नातेवाईक आहेत. यकृत आणि प्लीहा, म्हणजे आपल्या आजीच्या भाषेतली पानथरी, दोन्ही वाढल्या आहेत एवढाच त्या भल्यामोठ्या शब्दाचा अर्थ. हिवतापाच्या रुग्णाच्या केसपेपरवर तो अनेकदा दिसतो.

मराठी येणाऱ्याला वैद्यकीय शब्द परके नाहीत, त्यांची अर्धी किल्ली आपल्या घरातच आहे, हे माझं मत वर्षानुवर्षं शिकवून पक्कं झालं आहे. ती किल्ली कशी फिरवायची ते पायरीपायरीने सांगते. तुम्ही नर्सिंगला, लॅब टेक्निशियनच्या कोर्सला किंवा एमबीबीएसला नवीन असाल, किंवा घरातल्या आजारी माणसाचा रिपोर्ट हातात घेऊन बसला असाल, तरी रीत तीच.

पहिली पायरी: वही घाला, पण शब्दांची नको, तुकड्यांची

शंभर पानी वही पुरते. प्रत्येक पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात तुकडा, दुसऱ्यात अर्थ, तिसऱ्यात मराठी किंवा संस्कृत नातेवाईक. तिसरा रकाना कधी रिकामा राहील, राहू द्या. रोज पाच तुकडे, त्याहून जास्त नकोत. अख्खे शब्द पाठ करणाऱ्याला हजारो शब्द घोकावे लागतात. तुकडे ओळखणाऱ्याचं काम दोन-तीनशेत भागतं, कारण तेच तुकडे फिरून फिरून येतात.

उच्चाराची एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. इंग्रजी स्पेलिंगमध्ये पी-एच, टी-एच, सी-एच अशा जोड्या दिसल्या की शब्द बहुधा ग्रीक समजा. जुन्या ग्रीकमध्ये ही तीन अक्षरं आपल्या फ, थ, ख सारखी महाप्राण होती. रोमन लोकांकडे ती अक्षरं नव्हती, म्हणून त्यांनी एच जोडून काम भागवलं. 'न्यूमोनिया'च्या आधीचा मुका पी हाही ग्रीकचाच, तिथे तो पूर्वी उच्चारला जायचा.

दुसरी पायरी: शब्द शेवटून वाचा

मराठीतही शेवट महत्त्वाचा असतो. 'दुकानदार' आणि 'दुकानदारी' यांतला फरक शेवटच्या तुकड्यात आहे. वैद्यकीय शब्दात काय झालं आहे किंवा काय केलं आहे हे शेपटी सांगते, आणि ते कुठे, हे मधला तुकडा सांगतो.

सगळ्यात जास्त भेटणारी शेपटी 'आयटिस'. अर्थ दाह, म्हणजे सूज, लाली, दुखणं, गरमपणा. गंमत अशी की मूळ ग्रीकमध्ये तिचा अर्थ नुसता 'चा, ची' असा होता. 'आर्थ्रायटिस नोसोस' म्हणजे 'सांध्याचा आजार'. पुढे 'आजार' हा शब्द गळून पडला आणि उरलेल्या शेपटीलाच आजाराचा अर्थ चिकटला. आपणही 'तिला दिवस गेलेत' म्हणतो आणि बाकीचं न बोलता समजतं, तसंच.

'अल्जिया' म्हणजे वेदना. 'ईमिया' म्हणजे रक्तात. 'युरिया' ही शेपटी असेल तर लघवीत (शेताला टाकतो ते युरिया खतही लघवीच्याच ग्रीक शब्दावरून आलं आहे). 'ऑमा' म्हणजे बहुधा गाठ, पण इथे सावध राहा. हिमॅटोमा म्हणजे साकळलेल्या रक्ताचा गोळा, तो कॅन्सर नव्हे. ग्लॉकोमात तर गाठ नसतेच. ग्रीक 'ग्लॉकोस' हा निळसर-करड्या रंगाचा शब्द, आणि आपण त्या आजाराला काचबिंदू म्हणतो. शेवटी 'ऑमा' दिसला की घाबरून जाणारे नातेवाईक मी खूप पाहिले आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगते.

'पीनिया' म्हणजे ग्रीकमध्ये गरिबी. डेंग्यूच्या दिवसांत घराघरात पोचणारा शब्द आहे थ्रॉम्बोसायटोपीनिया. थ्रॉम्बोस म्हणजे रक्ताची गुठळी, किटोस म्हणजे पोकळ भांडं (त्यावरून 'साइट', म्हणजे पेशी), आणि पीनिया. गुठळी करणाऱ्या पेशींची गरिबी. म्हणजे प्लेटलेट्स कमी. रिपोर्टवर हा शब्द लिहिला असला आणि शेजारी आकडा कमी असला, तर दोन्हींचा अर्थ एकच. दोन वेगळे आजार झालेत असं समजू नका.

'ऱ्हिया' म्हणजे वाहणं. ग्रीक 'ऱ्हेओ' आणि संस्कृत 'स्रु' एकाच मुळाचे, म्हणजे आपला 'स्राव' हाच त्याचा भाऊ. डायरिया म्हणजे 'आरपार वाहणं'. आपल्याकडचा अतिसार शब्दही वाहण्याचाच, पण तो 'सृ' धातूवरून. दोन देशांतल्या वैद्यांना एकच गोष्ट दिसली आणि दोघांनी जवळपास सारखं नाव ठेवलं.

आता ज्या तीन शेपट्यांमध्ये चूक करून चालत नाही त्या. 'एक्टॉमी', 'ऑटॉमी' आणि 'ऑस्टॉमी'. तिन्ही ऐकायला सारख्या. 'टोम' म्हणजे कापणं. ऑटॉमी म्हणजे नुसता छेद. 'एक' म्हणजे बाहेर, म्हणून एक्टॉमी म्हणजे कापून बाहेर काढणं. ऑस्टॉमीत 'स्टोमा' आहे, म्हणजे तोंड. शरीराला बाहेर उघडणारं नवं तोंड करून देणं. कोलोस्टॉमी म्हणजे मोठ्या आतड्याला पोटावर तोंड करून देणं. अशा माणसाला घरी पिशवी बदलायची असते, त्या तोंडाभोवतीची कातडी जपायची असते. नुसती कोलोटॉमी असेल तर यातलं काहीच नाही. कोलेक्टॉमी असेल तर मोठ्या आतड्याचा भाग काढला आहे. एका 'स्'ने घरची सगळी शुश्रूषा बदलते.

सराव म्हणून पित्ताशयाच्या ऑपरेशनचं नाव घ्या: कोलेसिस्टेक्टॉमी. शेवटून चला. एक्टॉमी, म्हणजे काहीतरी काढलं. त्याआधी 'सिस्ट', ग्रीक 'किस्टिस', म्हणजे पिशवी. त्याआधी 'कोले', म्हणजे पित्त. पित्ताची पिशवी काढली. संपलं.

तिसरी पायरी: पुढचा तुकडा

इथे आपलं पारडं जड आहे. ग्रीक उपसर्ग आणि संस्कृत उपसर्ग शेजारी ठेवून बघा. पेरी म्हणजे परि. ॲ किंवा ॲन म्हणजे अ किंवा अन्. डिस म्हणजे दुस्, दुर्. यू म्हणजे सु. हेमी म्हणजे सामि, अर्धा. हायपर म्हणजे उपरि. हायपो म्हणजे उप, खाली. हृदयाभोवतीचं आवरण ते पेरिकार्डियम, आणि 'परि' व 'हृद्' हे त्याच दोन तुकड्यांचे संस्कृत नातेवाईक.

डिस्पेप्सिया फोडा. 'डिस' म्हणजे दुस्, आणि 'पेप्सिस' म्हणजे पचन. पेप्सिस आणि पच् यांचं मूळ एकच. पचनाच्या रसातलं पेप्सिन, पेप्टिक अल्सर, सगळे याच घरातले. म्हणजे डिस्पेप्सिया हा अक्षरश: 'दुष्पचन'. डिसेन्ट्रीत पुन्हा 'डिस', आणि पुढे 'एन्टेरॉन', म्हणजे आतडं. एन्टेरॉनचा भाऊ संस्कृत अंत्र, आणि अंत्रावरूनच आपलं आतडं.

जिज्ञासूंसाठी आवाजांचे दोन नियम. संस्कृतातला शब्दारंभीचा 'स' ग्रीकमध्ये 'ह' होतो: सप्त आणि हेप्टा, सामि आणि हेमी. आणि संस्कृतातल्या काही 'क'-'च' च्या जागी ग्रीकमध्ये 'प' येतो: पच् आणि पेप्सिस, यकृत् आणि हेपार. हे लक्षात आलं की नातं दिसायला लागतं, नाहीतर यकृत् आणि हेपार भाऊ आहेत हे कुणाला खरं वाटेल?

पण नातं म्हणजे काय हेही नीट समजून घ्या. ग्रीक शब्द संस्कृतातून गेले, असं नाही. दोन्ही भाषा एका जुन्या, आता नाहीशा झालेल्या भाषेच्या लेकी आहेत. कोलकात्यात 1786 साली विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या समान मुळाबद्दल भाषण केलं, तेव्हापासून या अभ्यासाला जोर आला. 'सगळं आपल्याकडूनच गेलं' असं सांगणारे मेसेज फिरतात. ते वहीत उतरवू नका. बहिणीला आई म्हटलं की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

हायपर आणि हायपो यांच्याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण इथे माझ्या नात्यातल्या एका घरात जिवावर बेतलं होतं. आजोबांना मधुमेह. त्यांना घाम फुटला, हात थरथरायला लागले. एका दवाखान्यातून फोनवर घाईत सांगितलं गेलं, 'हायपो वाटतंय.' घरच्यांनी ऐकलं 'हायपर'. साखर द्यायच्या ऐवजी त्यांनी साखरेचा डबा आतल्या कपाटात ठेवला. माझी मावशी योगायोगाने तिथे पोचली, तिने विचारलं, "अहो, साखर वाढलीय की उतरलीय?" आणि मग पळापळ करून त्यांना साखरपाणी दिलं. तेव्हापासून विद्यार्थिनींना एकच सांगते: हे दोन शब्द तोंडाने सांगताना नुसते कधीच सांगायचे नाहीत. 'हायपो, साखर कमी.' 'हायपर, साखर जास्त.' मराठी अर्थ जोडूनच सांगायचा, आणि समोरच्याकडून एकदा वदवून घ्यायचा. लक्षात ठेवायला सोपं आहे. हायपर उपरि, म्हणजे वर. हायपोतलं 'पो' पोटासारखं खाली.

हायपरटेन्शनचाही उलगडा करून ठेवा. रोज टेन्शन येणाऱ्याला हायपरटेन्शन झालंच, असं लोकांना वाटतं. इथलं टेन्शन मनाचं नाही, रक्तवाहिनीच्या भिंतीवरच्या ताणाचं आहे. लॅटिन 'टेन्डेरे' आणि संस्कृत 'तन्' एकाच मुळाचे, म्हणून टेन्शन आणि ताण हे भाऊच. टिटॅनसही त्याच घरातला, ग्रीक 'टेटानोस' म्हणजे ताठर ताणलेला. त्या आजारात अंग मागे धनुष्यासारखं वळतं, म्हणून आपण त्याला धनुर्वात म्हणतो. मला तर आपलं नाव जास्त आवडतं. त्यात रुग्ण डोळ्यांसमोर उभा राहतो.

चौथी पायरी: शरीराचे अवयव

काही अवयव तर नुसते ओळखायचे आहेत. दंत आणि लॅटिन डेन्स, ग्रीक ओडोन्ट. जानु आणि ग्रीक गोनु, लॅटिन जेनू. अस्थि आणि ऑस्टिऑन. नाभि आणि ऑम्फॅलोस. नख आणि ऑनिक्स. नासा आणि लॅटिन नासुस. हृद् आणि कार्डिया. ऑस्टिओपोरोसिस म्हणजे अस्थि अधिक 'पोरोस', म्हणजे वाट, छिद्र. सच्छिद्र झालेली हाडं. रक्तही इथेच घेऊ. ग्रीक 'एरिथ्रोस', लॅटिन 'रुबर' आणि संस्कृत 'रुधिर' हे तिघे एकाच लाल रंगाचे. एरिथ्रोसाइट म्हणजे तांबडी पेशी. कावीळ झाल्यावर रिपोर्टात बघतो ते बिलिरुबिन म्हणजे 'बिलिस', पित्त, अधिक तोच लाल 'रुबर'.

काही अवयवांना जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी दिसतील तशी नावं ठेवली. स्वयंपाकघर, अंगण, गोठा, जे समोर होतं त्यावरून. गुडघ्यावरचं हाड पॅटेला म्हणजे लॅटिनमध्ये छोटी थाळी, आणि आपण म्हणतो गुडघ्याची वाटी. पेल्विस म्हणजे परात-तसराळ्यासारखं पसरट भांडं. नडगीचं हाड टिबिया म्हणजे बासरी. कानातला कॉक्लिया म्हणजे गोगलगाय. माकडहाडाला कॉक्सिक्स म्हणतात, तो ग्रीकमध्ये कोकिळा, कारण त्यांना ते हाड तिच्या चोचीसारखं दिसलं. आपल्याला तिथे शेपटीची जागा दिसली. स्नायू हा मसल, लॅटिन 'मुस्कुलुस', म्हणजे छोटा उंदीर. दंड आवळून बघा, कातडीखालून उंदीर सरकल्यासारखा दिसतो. तो 'मुस' म्हणजे आपला मूषक.

डोळ्याची बाहुली हे माझं लाडकं उदाहरण. दुसऱ्याच्या डोळ्यात जवळून पाहिलं की आपलं छोटंसं प्रतिबिंब दिसतं. रोमन लोकांनी म्हटलं 'पुपिल्ला', छोटी मुलगी, बाहुली. त्यावरून इंग्रजी प्युपिल. संस्कृतात कनीनिका, तीही छोटी मुलगीच. आणि मराठीत थेट बाहुली. वर्गात दोघी-दोघींना समोरासमोर बसवून मी हे दाखवते, मग तो शब्द कुणी विसरत नाही.

धमनीची गोष्ट सगळ्यात खोल आहे. ग्रीक वैद्यांनी मृत प्राणी चिरले तेव्हा धमन्या जवळपास रिकाम्या दिसल्या, कारण मेल्यावर रक्त शिरांमध्ये साठतं. त्यांना वाटलं, या नळ्यांतून हवा वाहते. 'आर्टेरिया' हे नाव ते श्वासनलिकेलाही वापरत. तिला वेगळी ओळखायला 'आर्टेरिया ट्रेकेइया', म्हणजे खडबडीत नळी, असं म्हणू लागले, आणि त्यातला 'खडबडीत' तेवढा उरून श्वासनलिकेचं आजचं नाव ट्रेकिया झालं. दुसऱ्या शतकात गॅलेनने जिवंत प्राण्यांवर दाखवून दिलं की धमनीत रक्तच असतं. पण नाव राहिलं ते राहिलंच. आता आपला शब्द बघा. धमनी हा 'धम्', म्हणजे फुंकणं, या धातूवरून. लोहाराच्या भात्याचा धातू. चरकसंहितेत व्युत्पत्तीच दिली आहे: ध्मानात् धमन्यः, स्रवणात् स्रोतांसि, सरणात् सिराः. फुंकल्यासारखी उडते ती धमनी, झिरपतं ते स्रोत, सरकत वाहते ती सिरा. मनगटावर बोट ठेवून नाडी बघताना ती उडी बोटाला लागते. शिरेला ती लागत नाही. सुई टोचायची वेळ येईल तेव्हा या फरकाची गरज पडणार आहे, म्हणून 'धम्' विसरू नका.

पाचवी पायरी: ज्यांच्या पोटात गोष्ट आहे ते शब्द

काही शब्द फोडून अर्थ लागत नाही, त्यांची गोष्ट माहीत असावी लागते.

मधुमेह. 'मेह' हा 'मिह्' धातूवरून, म्हणजे लघवी करणं. लघवी होण्याला वैद्यकीय इंग्रजीत मिक्च्युरिशन म्हणतात, त्याच्या पोटातही तोच धातू आहे. ग्रीक 'डायबेटिस' म्हणजे आरपार जाणारा, प्यायलेलं पाणी लगेच बाहेर पडतं म्हणून. त्याला जोडलेलं 'मेलिटस' म्हणजे मधासारखं गोड. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये थॉमस विलिस यांनी लघवीच्या गोडीची नोंद केली. चरकसंहितेत प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत रुग्णाच्या अंगाकडे आणि लघवीकडे मुंग्या-किडे धाव घेतात, असं लिहून ठेवलं आहे. डायबेटिस इन्सिपिडस हा शब्द भेटला तर दचकू नका. इन्सिपिडस म्हणजे बेचव. त्यात लघवी भरपूर होते, पण साखरेशी त्याचा संबंध नाही.

क्षय. आता सगळे टीबी म्हणतात. ट्युबर्क्युलम म्हणजे बारीक गाठ, त्यावरून ट्युबर्क्युलोसिस. त्याआधीचं ग्रीक नाव होतं 'फ्थिसिस', झिजत जाणं. फ्थिसिस आणि क्षय यांचं मूळ एक आहे. दोन्हीकडच्या लोकांनी एकच गोष्ट पाहिली असणार, दिवसेंदिवस वाळत चाललेलं माणूस.

मलेरिया हा इटालियन 'माला आरिया', वाईट हवा. दलदलीच्या हवेतून ताप येतो असा समज होता. 1897 साली सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात त्याचे जंतू सापडले, पण नाव हवेचंच राहिलं. हिवताप हे आपलं नाव बरोबर लक्षणावर बोट ठेवतं: आधी हीव, मग ताप.

मोडशी आज आपल्याकडे अपचनाला म्हणतात. हा मराठी-कोकणी शब्द 'मोडणे'वरून. गोव्यात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी 1563 मध्ये छापलेल्या ग्रंथात पटकीचं, म्हणजे कॉलऱ्यासारख्या आजाराचं वर्णन केलं आहे. पोर्तुगीजांनी मोडशीचं 'मोर्देशीं' केलं. ते फ्रेंचांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांना ते आपल्या भाषेतलं 'मॉर द शिएँ' वाटलं, म्हणजे कुत्र्याचं मरण. आपल्या घरातला साधा शब्द युरोपात असा भयंकर होऊन पोचला. कॉलरा मात्र ग्रीक, 'कोले'वरून. वर पित्ताशयात भेटलेलं तेच पित्त.

आणि लस. एडवर्ड जेन्नर यांनी 1796 मध्ये गाईच्या देवीतला द्रव एका मुलाला टोचला. गाय म्हणजे लॅटिनमध्ये 'वाक्का', म्हणून व्हॅक्सिन. पुढे लुई पाश्चर यांनी 1881 मध्ये जेन्नरच्या सन्मानार्थ हेच नाव सगळ्याच लसींना वापरावं असं सुचवलं. भारतात पहिली लस टोचली गेली ती मुंबईत, 14 जून 1802 रोजी, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. तो द्रव बगदाद आणि बसऱ्यामार्गे आला होता. मराठीने गाय घेतलीच नाही. फोडातून येणाऱ्या चिकट पाण्याला आपण लस म्हणतो, जखम लसलसते म्हणतो. तेव्हा एका हाताच्या फोडातली लस काढून दुसऱ्याच्या हाताला टोचत, म्हणून तेच नाव झालं. आज गोठ्याशीही संबंध नाही आणि फोडाशीही नाही, दोन्ही शब्द मात्र पोलिओच्या थेंबांपर्यंत येऊन पोचले.

सहावी पायरी: जीवशास्त्राचे शब्द

इथे पटकन पुढे जाते, कारण मराठी पाठ्यपुस्तकांनी बरंच काम केलं आहे. 'बायो' आणि जीव एकाच मुळाचे, म्हणून बायॉलॉजी आणि जीवशास्त्र हे शब्दाला शब्द आहेत. 'व्हायरस' म्हणजे लॅटिनमध्ये विष, आणि त्या दोघांचंही मूळ एक. विषाणू हा शब्द ज्याने केला त्याने नेमकं केलं. 'बॅक्टेरिया' म्हणजे छोट्या काठ्या, पहिल्यांदा दिसलेले जंतू काठीसारखे होते. 'जीन' आणि जनुक हे 'जन्'चे. सेल म्हणजे खोली. रॉबर्ट हूक यांना 1665 साली बुचाच्या कापात मठातल्या खोल्यांसारखी घरं दिसली.

एकाच शब्दावर थांबते: झायगोट, फलित अंडपेशी. ग्रीक 'झिगॉन' म्हणजे बैलांच्या मानेवरचं जू. संस्कृतात युग, त्यावरूनच मराठीत जू. दोन पेशी एका जुवाखाली आल्या. मराठी परिभाषेत युग्मनज म्हणतात, त्यातही तेच युग आहे. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीला हे सांगितलं की तिचा चेहरा बघण्यासारखा होतो. आणि थायरॉइड? ग्रीक 'थिरेओस' म्हणजे दरवाजाच्या आकाराची मोठी ढाल, 'थिरा' म्हणजे द्वार. आपलं दार.

सातवी पायरी: फसवे शब्द

सर्जन हा शब्द देवनागरीत लिहिला की संस्कृत वाटतो, सृजन, विसर्जन यांच्या रांगेतला. संबंध शून्य. तो ग्रीक 'खेइर' म्हणजे हात आणि 'एर्गॉन' म्हणजे काम यांच्यापासून फ्रेंचमार्गे घासत घासत आला आहे. हाताने काम करणारा. आपला शल्यचिकित्सक मात्र 'शल्य' म्हणजे अंगात रुतलेलं बाणाचं टोक काढणारा. म्हणून तिसऱ्या रकान्यात नातेवाईक लिहिण्याआधी चांगल्या व्युत्पत्तिकोशात बघा. नुसता कानाला सारखा लागला म्हणून लिहू नका.

काही शब्द माणसांच्या नावांवरून आलेले असतात, ते फोडायला जाऊ नका. स्टेंट हे लंडनचे दंतवैद्य चार्ल्स स्टेंट यांच्या नावावरून, त्यांनी दातांचे साचे घेण्यासाठी केलेल्या मिश्रणामुळे. चिकुनगुन्या तर ग्रीकही नाही, लॅटिनही नाही. टांझानियातल्या माकोंडे लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ वाकवून टाकणारा. ज्यांना तो होऊन गेला आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

युरेटर आणि युरेथ्रा, इलियम नावाचं आतडं आणि इलियम नावाचं कमरेचं हाड, अशा जोड्यांसाठी वहीत शेवटचं पान राखून ठेवा. पहिल्या जोडीतली एक नळी मूत्रपिंडातून मूत्राशयात उतरते, दुसरी मूत्राशयातून बाहेर. दुसऱ्या जोडीचा मराठीत उच्चारही एकच आणि लिहिणंही एकच, स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. आतड्याच्या नावात 'ई', हाडाच्या नावात 'आय'.

आठवी पायरी: खरा केसपेपर

घरात कुणाचा जुना रिपोर्ट असेल तर घ्या. पेन्सिलने शब्दांना उभ्या रेघा मारा. शेवटून वाचा, मग पुढचा तुकडा, मग मधला. अर्थ मराठीत एका ओळीत लिहा. शब्द समजला म्हणजे आजार समजला असं मात्र नाही. उपचाराचं डॉक्टरांनाच विचारा, पण आता प्रश्न नेमका विचारता येईल.

सरावाला सहा शब्द देते. आधी झाकून करून बघा: पेरिकार्डायटिस, गॅस्ट्रोएन्टेरायटिस, ओडोन्टॅल्जिया, हिमॅट्युरिया, हायपोग्लायसेमिया, ब्रॅडिकार्डिया.

पेरिकार्डायटिस म्हणजे हृदयाभोवतीच्या आवरणाचा दाह. गॅस्ट्रोएन्टेरायटिसमध्ये 'गॅस्टर' म्हणजे जठर, एन्टेरॉन म्हणजे अंत्र: जठर आणि आतड्यांचा दाह, उलट्या-जुलाब. ओडोन्टॅल्जिया म्हणजे दातदुखी. हिमॅट्युरियात 'हाइमा' म्हणजे रक्त: लघवीतून रक्त. हायपोग्लायसेमियात 'ग्लिकिस' म्हणजे गोड: रक्तात साखर कमी, आमच्या आजोबांना झालं होतं ते. ब्रॅडिकार्डियात 'ब्रॅडिस' म्हणजे संथ: हृदयाचे ठोके संथ.